डिसेंबरात नॅरोबोट: थंडीआधी उजेडाचा हिशेब मांडा

प्रश्न असा आहे: आम्ही दोघं इंग्लंडात कॉव्हेंट्रीत राहतो. नाताळात पुण्याहून आई-बाबा येत आहेत. चौघांनी आठवडाभर नॅरोबोट, म्हणजे इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद, राहायची बोट, भाड्यानं घ्यायचा विचार आहे. आधी कुणीच बोट चालवलेली नाही. आत गारठून जाऊ का? कालवा गोठला तर काय करायचं? आणि नवख्यांनी कोणता कालवा धरावा?

घ्या, जरूर घ्या. फक्त जुलैतल्या सहलीचा बेत उचलून डिसेंबरात ठेवू नका. मी बरीच वर्षं बोटीवरच राहते. ऑक्सफर्ड कालव्याच्या ब्राउन्स्टन ते हॉक्सबरी या पट्ट्यात आमचं जास्त फिरणं असतं, आणि भाड्याच्या बोटी देणाऱ्या एका तळावर काही हिवाळे मी लोकांच्या हाती बोटी सोपवायचं कामही केलंय. हिवाळ्यात येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न थंडीचाच विचारतो, आणि परत येताना तक्रार मात्र वेगळीच असते: अंधार लवकर पडला, पुढचा लॉक, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारा दारांचा हौद, बंद निघाला, दोर बांधताना पाय सटकला. थंडीचा बंदोबस्त बोटीत असतोच. बाकीच्याचा आपल्याला करावा लागतो.

तरी आधी थंडीचंच सांगते, कारण आई-बाबांची काळजी तुमच्या मनात पहिली असणार.

नॅरोबोट बाहेरून ६ फूट १० इंच रुंद असते, आतून जेमतेम सहा फूट. लांबी पन्नास-साठ फूट धरली तरी एवढी जागा तापायला वेळ लागत नाही. भाड्याच्या बऱ्याच बोटींत दोन सोयी असतात: डिझेलवर चालणारा बॉयलर आणि रेडिएटर ही एक, आणि पुढच्या खोलीतला कोळशाचा लोखंडी स्टोव्ह ही दुसरी. नवखी मंडळी स्टोव्हला घाबरतात आणि बॉयलर रात्रभर चालू ठेवतात. इथेच गडबड होते. बॉयलर डिझेलवर चालतो खरा, पण त्याचा पंप आणि पंखा बॅटरीवर चालतात. बॅटरी इंजिन चालू असताना भरते. छतावर सोलर असलं तरी डिसेंबरात त्यातून हाती फारसं काही लागत नाही. शिवाय बोट बांधलेली असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवू नये असा कालव्यावरचा नियम आहे, शेजारच्या बोटीतल्या माणसांना झोप हवी असते. म्हणजे संध्याकाळी चारला बोट बांधली, दिवे, पंप, फोनचे चार्जर, बॉयलर सगळं चालू ठेवलं, की पहाटे बॅटरी मान टाकते आणि नेमक्या त्याच वेळी थंडी सर्वांत जास्त असते. म्हणून रात्र स्टोव्हवर काढा आणि बॉयलर सकाळी उठल्यावर तासभर लावा.

स्टोव्ह जमणं अवघड नाही. बिनधुराच्या कोळशाच्या अंड्याएवढ्या गोळ्या मिळतात, त्याच वापरा. साध्या कोळशाची घरगुती विक्री इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून पूर्ण बंद आहे, त्यामुळे बाजारात मिळतं ते बहुधा योग्यच असतं. आधी काडक्या आणि एखादं सुकं लाकूड पेटवायचं, त्यावर थोडे गोळे टाकायचे, ते लाल झाले की आणखी. खालची झडप उघडी असली की आग भडकते, मिटली की धुमसत राहते. झोपण्याआधी राख झटकून घ्यायची, कोळसा चांगला भरायचा, तो पेटू द्यायचा आणि मग झडप अगदी बारीक करायची. घाईनं, कोळसा पेटायच्या आधीच झडप मिटली तर सकाळी गार राख मिळते. वीस किलोच्या एका पोत्यात थंडीतले दोन-तीन दिवस निघतात. पोती बोटीच्या छतावर ठेवायची रीत आहे.

स्टोव्ह पुढच्या टोकाला आणि झोपायची खोली बहुतेक वेळा मागच्या टोकाला. त्यामुळे पुढे बनियनवर बसता येतं आणि मागे स्वेटर लागतो. स्टोव्हवर ठेवायचा, त्याच्याच उष्णतेवर फिरणारा छोटा पंखा मिळतो. तो हवा मागे ढकलतो, पण फार भरवसा नको. आई-बाबांची निजायची जागा स्टोव्हजवळ करा. पुढच्या खोलीत बहुधा बाकड्याचा पलंग होतो. गरम पाण्याच्या पिशव्या मात्र सोबत न्याच.

आता खरी सावधगिरी. कोळसा नीट जळला नाही किंवा धुराड्यातून धूर वर गेला नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बोट सेफ्टी स्कीमनं एप्रिल २०१९ पासून बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा केलाय. ताबा घेताना तो अलार्म कुठे आहे ते बघा आणि बटण दाबून वाजवून घ्या, लाजू नका. दाराच्या वरच्या आणि तळाच्या हवेच्या जाळ्या थंड वारा येतो म्हणून कधीही बोळे घालून बंद करू नका. आणि ज्याकडे लोकांचं लक्षच जात नाही ते सांगते: स्टोव्हमधून काढलेली राख गार दिसली तरी तिच्यात निखारे असतात. ती बादलीत भरून केबिनमध्ये किंवा दारातल्या पायरीवर ठेवणं हे स्टोव्हचं दार उघडं ठेवण्याइतकंच धोक्याचं आहे. झाकणाचा पत्र्याचा डबा, तोही बाहेर.

जाळ्या उघड्या ठेवायचं दुसरं कारण म्हणजे दमटपणा. चार माणसांचा श्वास, ओले कोट, आणि त्यात आपला स्वयंपाक. प्रेशर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाणी ओघळतं. कुकर न्याच, गॅस वाचतो, पण शिट्टी होताना वरची खिडकी बोटभर उघडा आणि काचा सकाळी फडक्यानं पुसून काढा. तळण शक्यतो नको. डाळ, खिचडी, पिठलं सगळं होतं. स्टोव्हच्या डोक्यावर दूध तापतं, शेजारी विरजण लावलं तर सकाळपर्यंत दही लागतं, हे मात्र उन्हाळ्यातल्या बोटीत मिळत नाही. गॅसचं सिलिंडर प्रोपेनचं आहे ना, एवढं विचारून घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. प्रोपेनला उणे ४२ पर्यंत अडचण नाही. भाड्याच्या बोटींत बहुधा प्रोपेनच असतं.

झालं थंडीचं. आता उजेड.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिडलंड्समध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. आभाळ भरलेलं असेल तर साडेतीनलाच डोळे ताणावे लागतात. भाड्याच्या बोटी अंधारात चालवायची परवानगी नसते. बोटीच्या नाकावरचा दिवा बोगद्यासाठी असतो, रात्रीच्या प्रवासासाठी नाही. म्हणजे नऊला सुटा, तीनला बांधा. मध्ये जेवण, पाणी भरणं, एखादं वळण चुकणं. हाती उरतात पाच तास.

कालव्यावर वेळेचा हिशेब करायची जुनी रीत अशी की मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीननं भागायचं. आले तेवढे तास. नऊ मैल आणि सहा लॉक असतील तर पाच तास. वेगमर्यादा ताशी चार मैलांची आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून जाताना, वळणांवर, उथळ पाण्यात तीनसुद्धा पडत नाही. हिवाळ्यात नवख्यांनी दोननं भागावं असं मी सांगते. हातमोजे घालून दोर सोडायला वेळ लागतो, लॉकवरून जपून चालायला वेळ लागतो, आणि माणूस गारठला की चहासाठी थांबतोच. त्या हिशेबानं तुमचा दिवस दहा मैलांचा, तोही लॉक नसतील तर. उन्हाळ्यातली आठवड्याची नेहमीची गोल फेरी म्हणून जे मार्ग पुस्तिकांत दिलेले असतात, ते डिसेंबरात बसत नाहीत. ओढूनताणून बसवायला गेलात तर सहा दिवस नुसती पळापळ होईल आणि आई-बाबांना काचेतून झाडं सरकताना दिसतील, एवढंच.

दुसरी गोष्ट बंद लॉकची. इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे २,००० मैल जलमार्गांची देखभाल कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था करते. २०१२ साली ब्रिटिश वॉटरवेजकडून हे काम तिच्याकडे आलं. मोठ्या दुरुस्त्या ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरकते, कारण त्या काळात वर्दळ कमी असते. लॉकचं पाणी काढतात, जुनी दारं क्रेननं उचलतात आणि नवी बसवतात. ही दारं आजही ओक लाकडाची असतात, प्रत्येक लॉकच्या मापानं वेगळी, वेकफील्डजवळ स्टॅन्ली फेरी आणि वेस्ट मिडलंड्समध्ये ब्रॅडली इथल्या कार्यशाळांत घडवलेली. दारांचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं. एखादा लॉक असा उघडला गेला की कालवा तिथे आठवडेच्या आठवडे तोडलेला असतो, आणि कालव्याला डायव्हर्जन नसतं. ट्रस्ट या कामांची यादी आधीच जाहीर करते. बुकिंगच्या आधी ती पाहा, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. नियोजित कामांखेरीज अचानक घडणाऱ्या गोष्टी असतातच. १ जानेवारी २०२५ ला प्रचंड पावसानंतर डनहॅम मॅसीजवळ ब्रिजवॉटर कालव्याचा बांधच वाहून गेला आणि चेशायरची लोकप्रिय गोल फेरी तुटली. तो कालवा ट्रस्टचा नाही, खासगी मालकीचा आहे, पण बोटवाल्याला काय, रस्ता बंद तो बंदच. यासाठीच हिवाळ्यात मी गोल फेरी करू नका म्हणते. ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं परत या. मागचा रस्ता आपण नुकताच पाहिलेला असतो.

आता गोठण्याचं. एका रात्रीच्या कडाक्यानं कालव्यावर काचेसारखा पापुद्रा येतो, दुपारी तो विरतो. सलग चार-पाच रात्री पारा शून्याखाली राहिला तर बर्फ जाड होतो. दर हिवाळ्यात होतंच असं नाही, झालंच तर बहुधा दोन-चार दिवसांचा प्रश्न असतो. लोकांना वाटतं, पोलादी बोट आहे, दहा-पंधरा टन वजन आहे, फोडत जाऊ. जाऊ शकतेही. पण फुटलेला बर्फ तावदानासारखा बाजूला सरकतो आणि काठाला बांधलेल्या बोटींना पाण्याच्या रेषेवर कापत जातो. पोलादी बोटीचा डांबरी लेप खरवडला जातो. फायबरची छोटी बोट असेल तर तिला भोकही पडू शकतं, आणि आत माणूस झोपलेला असू शकतो. त्यामुळे बर्फ फोडत येणाऱ्या बोटीला काठावरून जे शब्द ऐकू येतात ते आई-बाबांच्या कानावर न पडलेले बरे. शिवाय लॉकच्या दारामागे बर्फाचे तुकडे साठले की दार पूर्ण उघडत नाही. सात फुटी लॉकमध्ये ६ फूट १० इंची बोट घालायची म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दोनच इंच उरतात. त्यात बर्फाची फळी अडकली की बोट तिथेच पाचरीसारखी रुतते. भाड्याच्या करारातही बर्फात बोट हलवू नये असं बहुधा लिहिलेलं असतं. तेव्हा बर्फ दिसला की केतली ठेवा आणि पत्ते काढा.

पूर्वी मात्र बर्फात थांबणं परवडत नसे. नॅरोबोटींवर कोळसा वाहणारी कुटुंबं दहा फुटांच्या मागच्या केबिनमध्ये मुलाबाळांसह राहायची, आणि मजुरी पोचवलेल्या मालावर मिळायची. बोट थांबली की कमाई थांबली. म्हणून कालवा कंपन्या बर्फफोड्या बोटी ठेवत. पत्र्यानं मढवलेला सांगाडा, मधोमध उभा कठडा, त्याला धरून दोन्ही बाजूंना माणसं उभी, काठावर घोड्यांची रांग ओढतेय आणि माणसं बोट डावी-उजवीकडे झुलवतायत, असा तो प्रकार. १९६२ चा नाताळ संपता संपता जी थंडी पडली तिच्यापुढे मात्र तेही चालेना. मार्चच्या सुरुवातीपर्यंत कालवे गोठलेले राहिले. नेमक्या १ जानेवारी १९६३ ला ब्रिटिश वॉटरवेज बोर्ड स्थापन झालं होतं, आणि त्याच वर्षी बोर्डानं नॅरोबोटींची मालवाहतूक जवळजवळ गुंडाळली. माल लॉरीकडे आधीच वळत होता, त्या हिवाळ्यानं उरलासुरला संपवला. हॉक्सबरीला किंवा ब्राउन्स्टनला थांबाल तेव्हा हे माहीत असलं तर बरं. नांगरलेल्या बोटींच्या रांगा तिथे तेव्हा लागत.

गोठण्याचा तुमच्यावर होणारा खरा परिणाम म्हणजे काठावरचे पिण्याच्या पाण्याचे नळ. ते बर्फाआधीच गोठतात. दिसेल त्या नळावर टाकी भरून घ्या, अर्धी असली तरी. शौचालयाची टाकी किती दिवस पुरते हेही विचारून ठेवा, कारण बोट दोन दिवस अडकली तर पहिली पंचाईत तिची होते.

आता सर्वांत महत्त्वाचं: पाय आणि पाणी. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढा किंवा छातीएवढाच खोल असतो, म्हणून कुणी त्याला गांभीर्यानं घेत नाही. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर असतं. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो, माणूस नकळत पाणी ओढतो. पोहता येणं तेव्हा कामाला येत नाही. त्या वेळी धडपड न करता उताणं तरंगायचं आणि श्वास ताब्यात आला की मग हातपाय मारायचे. लाइफ जॅकेट बोटीवर मिळतं. बाहेर असणाऱ्या प्रत्येकानं ते घालायचं, अगदी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरणाऱ्यानंही. बोटीच्या कडेचा जो चार-पाच इंचांचा पट्टा असतो त्यावरून पुढे-मागे जाणं डिसेंबरात पूर्ण बंद. दव गोठलं की तो दिसतो कोरडा आणि असतो काचेचा. जायचं तर आतून जा. काठावर उडी मारायची नाही. बोट टेकू द्यायची आणि पाऊल टाकायचं.

लॉकवर दारावरून पलीकडे जायचे फळकुट असते, त्यावर शेवाळ आणि हिमकण दोन्ही असतात. जवळ पूल असेल तर त्यावरून फेरा घाला, दोन मिनिटंच जास्त लागतील. लॉकमध्ये पाणी घ्यायच्या-सोडायच्या झडपेला पॅडल म्हणतात, आणि ते उघडायची लोखंडी किल्ली म्हणजे विंडलास. तिच्यावरून ओला हातमोजा सटकतो. रबरी पकडीचे घट्ट मोजे घ्या, लोकरीचे नकोत. पॅडल वर चढवलं की खटका लागलाय याची खात्री करा आणि विंडलास लगेच काढून घ्या. सुटलेलं पॅडल खाली येताना तीच किल्ली गरगरते आणि मनगट मोडते. आणि खाली उतरताना बोटीची मागची बाजू लॉकच्या वरच्या दाराजवळच्या दगडी उंबऱ्यावर टेकणार नाही हे बघायला एक माणूस फक्त बघण्यासाठी ठेवा. उंबरा कुठे संपतो त्याची पांढरी खूण भिंतीवर असते, तिच्या पुढे राहायचं. लॉक रिकामा होताना बोट उंबऱ्यावर अडकली तर नाक खाली जातं आणि बोट बुडते. हा धोका बाराही महिने आहे, पण थंडीत सगळ्यांचं लक्ष हात चोळण्याकडे असतं.

कपड्यांबद्दल फार सांगत नाही, इंग्लंडात राहता तेव्हा ठाऊक आहे. फक्त टिलरजवळ माणूस तासभर न हलता उभा असतो, त्यामुळे चालताना पुरणारा कोट तिथे पुरत नाही. दर अर्ध्या तासानं माणूस बदला. बोट निवडायला मिळत असेल तर मागचा भाग उघडा, अंगणासारखा असलेली बोट टाळा आणि जुन्या धाटणीची, म्हणजे मागच्या दारातच उभं राहून चालवायची बोट मागा. कमरेपर्यंत आत, पायाशी इंजिनाची ऊब. चौघांना मागे एकत्र उभं राहता येत नाही हे खरं, पण डिसेंबरात चौघं बाहेर उभे राहतच नाहीत.

पाला आणि वारा, या दोन बारीक गोष्टी राहिल्या. गळलेली पानं पाण्यात तरंगत असतात आणि बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला लपेटतात. इंजिन गुरगुरतंय पण बोट पुढे सरकत नाही, असं झालं की क्षणभर उलटा गिअर टाका, पानं सुटून मागे फेकली जातात. दोर किंवा प्लास्टिकची पिशवी असेल तर मात्र इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, मागच्या झाकणातून हात घालावा लागतो. त्यासाठी कोपरापर्यंतचे रबरी मोजे घेऊन या, चार अंशांच्या पाण्यात उघडा हात दोन मिनिटांत बधिर होतो. वाऱ्याचं असं आहे की नॅरोबोट पाण्यात दोन फूटच असते आणि बाकीची सगळी भिंत वाऱ्याला उघडी. जोराच्या वाऱ्यात सावकाश गेलं की ती कालव्यात आडवी फिरते, आणि वेगानं जायला जागा नसते. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी निघू नका.

नद्या पूर्ण टाळा. थेम्स, सोअर, ट्रेंट, एव्हन यांना हिवाळ्यात पूर येतात आणि प्रवाहात नॅरोबोटीचं इंजिन अपुरं पडतं. कालव्याची पातळी राखलेली असते, नदीची नाही. नकाशात नीट बघा, कारण काही कालवे मधेच नदीच्या पात्रात शिरतात. ऑक्सफर्ड कालवा दक्षिणेला शिप्टनजवळ चेरवेल नदीतून जातो, ग्रँड युनियनची लेस्टर शाखा पुढे सोअरमध्ये उतरते.

मग जायचं कुठे? पाहुण्यांना वेल्समधला लँगोलन कालवा दाखवायचा मोह होईल. टेलफर्ड आणि जेसप यांचा १८०५ चा पाँटकसिल्टे जलसेतू, नदीच्या ३८ मीटर वरून बोट जाते, एका बाजूला कठडासुद्धा नाही. बघण्यासारखाच आहे. पण तो मे महिन्यासाठी ठेवा.

तुमच्यासाठी माझं उत्तर ॲशबी कालवा. कॉव्हेंट्रीच्या उत्तरेला बेडवर्थजवळ मार्स्टन जंक्शनला तो सुटतो आणि स्नेअरस्टनच्या पुढे संपतो. २२ मैल, आणि वाटेत एकही लॉक नाही. मूळ कालवा याहून लांब होता. उत्तरेकडच्या खाणींमुळे जमीन खचली आणि तो टप्प्याटप्प्यानं बंद झाला. ज्या जमिनीच्या पातळीवर तो आहे, त्याच पातळीवर कॉव्हेंट्री कालवा ॲथरस्टनच्या वरच्या लॉकपर्यंत आणि ऑक्सफर्ड कालवा हिलमॉर्टनच्या खालच्या लॉकपर्यंत आहे. या सगळ्या जाळ्यात एकच लॉक लागतो, हॉक्सबरीचा, आणि त्याची उंची इंचांत मोजावी इतकी कमी. म्हणजे या पट्ट्यात, रग्बीच्या बाजूला किंवा कॉव्हेंट्री कालव्यावर, कुठेही बोट घेतलीत तरी लॉकची दुरुस्ती तुमची वाट अडवायची शक्यता फार थोडी. पुलांची कामं निघतात, तेवढी यादीत बघा.

ॲशबी उथळ आहे. मधोमध चला आणि वेग कमी ठेवा. इंजिनाला जोर दिला तर बोटीची शेपटी खाली बसते आणि वेग उलट घटतो. हिंकलीला बाजारहाट होतो. सटन चेनीच्या धक्क्यावर बांधून बॉसवर्थच्या रणभूमीवरच्या केंद्राकडे चालत जाता येतं. १४८५ साली तिसरा रिचर्ड याच परिसरात मारला गेला, आणि त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सापडला, ही गोष्ट बाबांना आवडेल. केंद्र आणि वाटेतले पब सुट्टीच्या आठवड्यात कुठल्या दिवशी उघडे आहेत ते फोन करून विचारा. जानेवारीत तर बरेच पब सोमवार-मंगळवार बंदच असतात. पानं गळलेली असल्यानं उन्हाळ्यात कुंपणाआड लपणारी शेतं आणि चर्चचे मनोरे दिसतात, आणि खंड्या पक्षी नुसत्या फांदीवर बसलेला चटकन टिपता येतो. बांधायला जागा शोधावी लागत नाही. जूनमध्ये याच कालव्यावर चांगल्या जागेसाठी दुपारी दोनलाच थांबावं लागतं.

वेळ असा वाटा: दोन दिवस वर जायला, एक-दोन दिवस नुसतं राहायला, दोन दिवस परतीला, एक दिवस हवामानासाठी हातचा. बोट हवी तिथे उलट फिरवता येत नाही. पन्नास फुटांच्या वरची बोट वळवायला ठरलेल्या रुंद जागा असतात आणि प्रत्येक जागा प्रत्येक लांबीला पुरत नाही. पुढची जागा कुठे आहे हे रोज सकाळी नकाशात बघून निघा, म्हणजे हवा बिघडली तर मागे फिरता येईल.

बुक करायच्या आधी तळावर फोन करून तीन गोष्टी ठरवा. बऱ्याच कंपन्या नोव्हेंबर ते मार्च बंद असतात, तेव्हा उघडी असलेली शोधा आणि स्टोव्ह व बॉयलर दोन्ही आहेत का विचारा. बर्फामुळे किंवा कालवा बंद झाल्यामुळे निघताच आलं नाही, तर पैसे परत, तारीख पुढे, की धक्क्यावर बांधलेल्या बोटीत राहणं, यातलं काय मिळतं ते लेखी घ्या. आणि तिसरी गोष्ट ताब्याच्या वेळेची. बोटी नेहमी दुपारी अडीच-तीनला देतात. समजावून सांगायला तास जातो, म्हणजे नवखा माणूस डिसेंबरच्या काळोखात आयुष्यात पहिल्यांदा टिलर हातात घेतो. सकाळी अकराला बोट देता का विचारा, हिवाळ्यात गर्दी नसल्यानं बहुतेक जण देतात. नाहीच म्हणाले तर पहिली रात्र तळावरच बांधून राहू द्या म्हणावं. त्या संध्याकाळी स्टोव्ह पेटवायची तालीम करा, काही अडलं तर विचारायला माणूस जवळच असेल, आणि सकाळी नऊला सुटा.